प्रतिनिधी आणि पक्ष : काकासाहेब गाडगीळ ह्यांच्या संसदीय कारकिर्दीची एक समीक्षा

राजकीय पुरुषांची चरित्रे मराठीत विपुल आहेत. परंतु संसदपटूची चरित्रे त्या मानाने फार थोडी. ह्या दोहोंत भेद आहे. राजकीय पुरुषाच्या चरित्रात तुरुंगवास, सत्याग्रह, सभा, मिरवणुका ह्यांना प्राधान्य मिळते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण त्याच पुरुषाने विधिमंडळात बसून जी वर्षे वेचली, जी विधेयके मांडली, जे प्रश्न विचारले अथवा ज्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्यांचा हिशेब चरित्रकार चारदोन परिच्छेदांत उरकतो. परिणामी, लोकशाहीतील ज्या संस्थेसाठी हा सारा खटाटोप झाला, त्या संस्थेतील त्या व्यक्तीचे कार्य अंधारातच राहते.

पुण्याचे नरहर विष्णू ऊर्फ काकासाहेब गाडगीळ ह्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. १९३४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रवेश करून १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पराभूत होईपर्यंत, म्हणजे सुमारे तेवीस वर्षे, त्यांचे नाव दिल्लीच्या विधिमंडळाशी निगडित होते. परकीय सत्तेखालील कायदेमंडळ, घटनापरिषद आणि प्रौढ मतदानाने निवडलेली पहिली लोकसभा ह्या तिन्ही सभागृहांत काम केलेल्या थोड्या महाराष्ट्रीय पुढाऱ्यांत त्यांची गणना करावी लागते. असे असूनही त्यांच्याविषयी दोनच मते रूढ झालेली दिसतात. एक, ते मोठे विनोदी व रसाळ वक्ते होते. आणि दुसरे, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते वाहून गेले. पहिले मत व्यक्तीच्या गुणाविषयी आहे, दुसरे तिच्या दैवाविषयी. संसदीय कार्याचे मूल्यमापन ह्यांपैकी कोणत्याच मताने होत नाही. ते कोणत्या निकषांवर करावे, आणि त्या निकषांवर गाडगीळांची कारकीर्द कितपत उतरते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. साधनांचा विचार

ह्या विषयाच्या अभ्यासकासमोर प्रथम येतात ती गाडगीळांची स्वतःची पुस्तके. ‘पथिक’ हे त्यांचे दोन भागांतील आत्मचरित्र आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत प्रसिद्ध झाले. मंत्रिमंडळातील अनुभवांवर आधारलेला ‘गव्हर्न्मेंट फ्रॉम इनसाइड’ हा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६८ साली, बाहेर आला. दोन्ही पुस्तके वाचनीय आहेत. लेखकाला माणसे टिपण्याची हौस आहे. प्रसंग रंगविण्याची हातोटी आहे. आणि स्वतःवर हसण्याचा दुर्मीळ गुणही आहे. परंतु हेच गुण साधन म्हणून त्यांच्या उपयोगाला मर्यादा घालतात. प्रसंग रंगू लागला की धोरणाची चर्चा मागे पडते. शिवाय दोन्ही पुस्तके घटना घडून गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि पदे सुटल्यानंतर लिहिली गेली. सरदार पटेलांविषयीची निष्ठा आणि पंडित नेहरूंच्या कार्यपद्धतीविषयीची नाराजी ह्या दोन भावनांची छाया मंत्रिमंडळाच्या वर्णनावर पडली आहे, हे सावध वाचकाच्या ध्यानात येण्याजोगे आहे.

म्हणून आत्मचरित्र हे मुख्य साधन न मानता पूरक साधन मानावे, आणि मुख्य आधार सभागृहाच्या कामकाजाच्या छापील इतिवृत्ताचा व त्यातून निर्माण झालेल्या कायद्यांचा घ्यावा, हे अधिक सयुक्तिक होय. वक्ता सभागृहात बोलतो तेव्हा पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसते. आत्मचरित्रकाराला ते ठाऊक असते. समीक्षकाने हा भेद विसरता कामा नये.

२. जडणघडण

गाडगीळांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१८ साली ते पदवीधर झाले आणि १९२० साली कायद्याची पदवी घेऊन पुण्यात वकिली करू लागले. हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. ह्याच वर्षी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, आणि पुण्याच्या राजकारणापुढे दोन वाटा आल्या. एक वाट टिळकांच्या अनुयायांच्या प्रतियोगी सहकारितेची, दुसरी गांधीजींच्या असहकारितेची. पुण्याच्या ब्राह्मण मध्यमवर्गाचा ओढा पहिल्या वाटेकडे होता. तरुण गाडगीळांनी दुसरी निवडली, आणि १९२१ ते १९२५ ह्या काळात पुणे जिल्हा काँग्रेस समितीचे चिटणीसपद सांभाळले.

ह्या निवडीचे महत्त्व पुढे दिसून आले. १९२९ साली पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहाशी ते संबद्ध होते. त्यामुळे शहरातील सनातनी मंडळींचा रोष त्यांना पत्करावा लागला. तथापि ह्या कालखंडातील त्यांचे सर्वांत परिणामकारक कार्य म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातील तडफदार नेते केशवराव जेधे ह्यांच्याशी त्यांनी जोडलेले सख्य. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुण्यातील ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद किती कडवट झाला होता, हे तत्कालीन वृत्तपत्रे चाळणाऱ्यास सांगावयास नको. अशा वेळी एका ब्राह्मण वकिलाने आणि जेधे मॅन्शनच्या वारसाने एकत्र येऊन खेडोपाडी काँग्रेसचा प्रचार करावा, ही गोष्ट लहान नव्हती. महाराष्ट्रातील काँग्रेस मूठभर शहरी सुशिक्षितांची न राहता बहुजनसमाजाची झाली, त्याला जी कारणे झाली त्यांत ‘जेधे-गाडगीळ’ ह्या जोडनावाचा वाटा मोठा आहे. जेधे पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांत गेले, आणि ही जोडी फुटली. पण तिने उभा केलेला पाया टिकला.

संसदीय दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, गाडगीळ दिल्लीला गेले ते एका पेठेचे किंवा एका वर्गाचे प्रतिनिधी म्हणून नव्हे. आपल्यामागे कोण आहे, ह्याचे भान त्यांना होते. १९५५ नंतर त्यांना जो पेच पडला, त्याची तीव्रता ह्या पूर्वपीठिकेवाचून कळणार नाही.

३. परकीय सत्तेच्या कायदेमंडळात

१९३४ च्या निवडणुकीत काँग्रेस पक्षाने मध्यवर्ती कायदेमंडळात मोठ्या संख्येने प्रवेश केला. भुलाभाई देसाई पक्षाचे नेते झाले. गाडगीळांकडे पक्षप्रतोद व चिटणीस ह्या नात्याची कामे आली. प्रतोदाचे काम प्रसिद्धीचे नसते. सभासदांना वेळेवर सभागृहात आणणे, वक्त्यांचा क्रम लावणे, मतदानाची मोजदाद आधीच करून ठेवणे, इतर गटांशी बोलणी करणे, ही सारी कामे पडद्यामागची.

त्या सभागृहाचे स्वरूप चमत्कारिक होते. १९१९ च्या कायद्याखाली सरकार सभागृहाला जबाबदार नव्हते. १९३५ पासून पुढे काही वर्षे काँग्रेस व बॅरिस्टर जीनांचा स्वतंत्र गट ह्यांनी मिळून सरकारची अर्थविधेयके वारंवार नापास केली, आणि व्हाइसरॉयने ती आपल्या खास अधिकारात प्रमाणित करून अमलात आणली. मतदानात जिंकायचे आणि कारभारात हरायचे, असा हा प्रकार होता. ह्या अनुभवाने एका सबंध पिढीला संसदीय वक्तृत्वाचे व कार्यपद्धतीचे शिक्षण दिले, पण त्याबरोबर एक उणीवही ठेवली. सत्तेची जबाबदारी अंगावर पडणार नसेल, तर विरोध करणे सोपे असते. आपल्या मताचे परिणाम आपल्यालाच निस्तरावयाचे आहेत, ही जाणीव ज्यातून येते ते शिक्षण तेथे मिळण्यासारखे नव्हते.

गाडगीळांनी ही उणीव काही अंशी अन्य मार्गाने भरून काढली, असे म्हणता येईल. १९३७ ते १९४५ ह्या काळात ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यातील बराच काळ तुरुंगातही गेला. ‘ग्यानबाचे अर्थशास्त्र’ ह्या पुस्तकाच्या नावातच लेखकाची दृष्टी प्रकट होते. अर्थशास्त्र हा विषय ग्यानबाला, म्हणजे सामान्य खेडुताला, कळला पाहिजे, हा तो आग्रह. सभागृहात अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या सभासदाने तोच विषय मराठीत, साध्या उदाहरणांनी मांडावा, ही प्रतिनिधित्वाची एक महत्त्वाची बाजू आहे. प्रतिनिधी लोकांचे म्हणणे दिल्लीला नेतो, तसेच दिल्लीचे व्यवहार लोकांना समजावून सांगतो. ह्या दुसऱ्या कामाकडे गाडगीळांइतके लक्ष फार थोड्यांनी पुरविले.

४. मंत्री आणि विधायक

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. त्यात गाडगीळांकडे बांधकामे, खाणी व वीज ही खाती आली. पुढे खात्यांची फेररचना होऊनही १९५२ पर्यंत ते मंत्रिमंडळात होते. ह्या पाच वर्षांतील त्यांचे विधायक कार्य हा त्यांच्या कारकिर्दीचा गाभा होय, आणि आश्चर्य असे की, मराठी वाचकांना त्याचीच ओळख सर्वांत कमी आहे.

१९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर ह्या योजनेचा विचार सुरू झाला होता, आणि त्यावेळी मजूर व वीज खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा पाया घातला होता. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या १९३३ सालच्या प्राधिकरणाचा नमुना समोर होता. विधेयक सभागृहात नेण्याची जबाबदारी गाडगीळांवर आली. त्याच वर्षी वीज पुरवठ्याचा कायदा संमत झाला. त्याने मध्यवर्ती वीज प्राधिकरण व राज्यांची वीज मंडळे ह्यांची तरतूद केली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ, २००३ चा नवा कायदा येईपर्यंत, देशातील वीजव्यवहार ह्याच चौकटीत चालला. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्या वीज मंडळाचे खांब उभे राहिले, त्याचे मूळ ह्या कायद्यात होते.

ह्या विधायक कार्यात एक तात्त्विक प्रश्न दडलेला होता. महामंडळाला स्वायत्तता द्यावी, म्हणजे रोजच्या कारभारात मंत्र्याची ढवळाढवळ होणार नाही, हे एक तत्त्व. लोकांचा पैसा जेथे खर्च होतो तेथे लोकप्रतिनिधींना जाब विचारता आला पाहिजे, हे दुसरे. दामोदर कायद्याने मध्यम मार्ग काढला. तीन सभासदांचे मंडळ, धोरणाच्या बाबतीत केंद्र सरकारला आदेश देण्याचा अधिकार, आणि विधिमंडळापुढे वार्षिक अहवाल. कागदावर ही रचना समतोल आहे. व्यवहारात मात्र ‘धोरण’ कोठे संपते आणि ‘रोजचा कारभार’ कोठे सुरू होतो, ही रेषा कायद्याने आखलेली नाही. ती आखण्याचे काम पुढील पिढ्यांवर पडले, आणि सार्वजनिक उद्योगांच्या बाबतीत ते आजही पुरे झालेले नाही. एकाच वेळी तीन सरकारांना, म्हणजे केंद्र, बिहार व पश्चिम बंगाल ह्यांना, सांभाळून हे विधेयक पार पाडावे लागले, ही अडचण ध्यानात घेऊनही, उत्तरदायित्वाच्या ह्या प्रश्नाचा अधिक खोल विचार त्या वेळी व्हावयास हवा होता, असे म्हणणे प्राप्त आहे.

सोमनाथ मंदिराच्या पुनर्निर्माणाच्या प्रसंगीही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांबरोबर गाडगीळ सौराष्ट्रात गेले होते, आणि पुनर्निर्माणाच्या संकल्पाशी त्यांचे खाते साहजिकच जोडले गेले. खर्च सरकारी तिजोरीतून न होता लोकांच्या वर्गणीतून व्हावा, हा सल्ला गांधीजींनी दिला व तो मानला गेला. लोकभावना आणि लोकांचा पैसा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा ह्या प्रसंगाचा बोध. उत्साही मंत्र्याला हा विवेक बाहेरून सांगावा लागला, हे नमूद केले पाहिजे. तसेच तो त्याने विनातक्रार स्वीकारला, हेही.

५. मागच्या बाकावर

१९५२ च्या निवडणुकीत गाडगीळ पुणे मध्य मतदारसंघातून लोकसभेवर आले. नव्या मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला नाही. येथून पाच वर्षांचा जो काळ सुरू झाला तो त्यांच्या संसदीय चरित्रातील सर्वांत कसोटीचा काळ होय. विरोधी बाकांवरून सरकारवर टीका करणे हा विरोधकाचा धर्म. मंत्र्याने सरकारचे समर्थन करणे हा मंत्र्याचा धर्म. पण सत्तारूढ पक्षाच्या मागच्या बाकावर बसलेल्या, एकेकाळी मंत्री असलेल्या सभासदाचा धर्म कोणता, हे कोणत्याच ग्रंथात लिहिलेले नाही.

डिसेंबर १९५३ मध्ये राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला. संयुक्त महाराष्ट्र परिषदेची बाजू आयोगापुढे मांडण्यात शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ ह्यांच्याबरोबर काकासाहेबांचाही भाग होता. १९५५ च्या ऑक्टोबरात आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. विदर्भ वेगळा ठेवून मुंबईसह गुजराती-मराठी द्विभाषिक राज्याची त्याने केलेली शिफारस महाराष्ट्रात कोणालाच पटली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस लोकसभेत अहवालावर जी चर्चा झाली, तीत गाडगीळांनी केलेले भाषण त्यांच्या संसदीय जीवनातील सर्वांत गाजलेले भाषण ठरले. तडजोडीला आपली तयारी आहे, पण स्वाभिमान सोडून तडजोड होत नाही, असे त्यांनी बजावले. आणि न्याय मिळाला नाही तर मुंबईचा निकाल मुंबईच्या रस्त्यांवर लागेल, ह्या अर्थाचे उद्गार काढले.

ह्या उद्गारांवर त्या वेळी गदारोळ झाला. कोणी ती धमकी मानली, कोणी इशारा. शब्दांच्या कीस काढण्यापेक्षा ते उद्गार कोणाच्या तोंडून निघाले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. ज्याने वीस वर्षे सभागृहात घालविली, प्रतोद म्हणून मते मोजली, मंत्री म्हणून कायदे केले, त्यानेच सभागृहाच्या व्यासपीठावरून रस्त्याचा हवाला द्यावा, हा विरोधाभास आहे. चिथावणी म्हणून तो हलका होईल. कबुली म्हणून त्याला वजन येते. ज्या पक्षाच्या शिस्तीत आपण बसलो आहो त्या पक्षात आपले म्हणणे ऐकले जात नाही, आणि पक्षाबाहेर सभागृहात त्याला संख्याबळ नाही, ही ती कबुली होती. मुंबईत २१ नोव्हेंबर १९५५ रोजी आणि पुन्हा जानेवारी १९५६ मध्ये गोळीबार झाले, शंभरावर माणसे प्राणास मुकली. भाकीत खरे ठरल्याचे समाधान कोणाही संवेदनशील माणसाला वाटणे शक्य नव्हते.

येथे चिंतामणराव देशमुखांशी तुलना अपरिहार्य होते. अर्थमंत्री देशमुखांनी १९५६ साली ह्याच प्रश्नावर मंत्रिपदाचा त्याग केला, आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. गाडगीळांनी पक्ष सोडला नाही. म्हणून एक त्यागी आणि दुसरे लोभी, असा निवाडा त्या काळी अनेकांनी केला. तो न्याय्य नाही. मंत्री हा मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीने बांधलेला असतो. मतभेद मूलगामी झाला की राजीनामा हीच त्याची घटनात्मक वाट. सभासदाला दुसरीही वाट मोकळी असते, ती म्हणजे पक्षात राहून वाद घालण्याची. शिवाय देशमुख पक्षसंघटनेत वाढलेले नव्हते. गाडगीळांनी तीस वर्षे खपून जो पक्ष बहुजनसमाजापर्यंत नेला होता, त्यातून बाहेर पडणे म्हणजे स्वतःच्याच कार्यावर पाणी सोडणे होते.

तथापि हे समर्थन पुरते निर्दोष नाही. पक्षात राहून वाद घालण्याच्या वाटेला शेवट असावा लागतो. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने विशाल द्विभाषिक मान्य केले, १ नोव्हेंबरला ते अस्तित्वात आले, आणि पक्षातील वाद तेथे संपला. त्यानंतरही १९५७ साली गाडगीळ त्याच पक्षाच्या वतीने पुणेकरांपुढे उभे राहिले. ज्या निर्णयाविरुद्ध आपण बोललो तो निर्णय घेणाऱ्या पक्षासाठी मते मागणे, ही भूमिका मतदाराला समजावून देणे कठीणच होते. समोर होते नानासाहेब गोरे. १९५५ च्या गोवा सत्याग्रहाची पहिली तुकडी नेऊन, पोर्तुगीजांचा कारावास भोगून ते १९५७ च्या आरंभी सुटले होते, आणि त्यांच्यामागे संयुक्त महाराष्ट्र समिती होती. निकाल गोऱ्यांच्या बाजूने लागला. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत इतकी होती की, खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून थोडक्या मताधिक्याने निवडून आले. तेव्हा पुण्याचा निकाल हा गाडगीळ ह्या व्यक्तीविरुद्ध दिलेला कौल मानता येत नाही.

६. मूल्यमापन

प्रतिनिधीने मतदारांच्या आज्ञेने चालावे की स्वतःच्या विवेकबुद्धीने, हा प्रश्न एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे मांडला आणि विवेकबुद्धीच्या बाजूने कौल दिला. सहा वर्षांनी त्याच ब्रिस्टलमधून त्याला माघार घ्यावी लागली. गाडगीळांचा पेच वरवर पाहता असाच दिसतो. पण तो तसा नाही. बर्कची बुद्धी एकीकडे आणि मतदार दुसरीकडे होते. गाडगीळांची बुद्धी व त्यांचे मतदार एकाच बाजूला होते, आणि पक्ष दुसऱ्या बाजूला. बर्कच्या काळी आजच्या अर्थाने शिस्तबद्ध पक्ष नव्हते, म्हणून त्याच्या सिद्धांतात ह्या तिसऱ्या घटकाला जागाच नाही. विसाव्या शतकातील प्रतिनिधित्वाचा विचार ह्या घटकावाचून होऊ शकत नाही, आणि गाडगीळांच्या चरित्राचे अभ्यासकाला असलेले मोल येथेच आहे.

पुढील इतिहासाने हा प्रश्न सुटला नाही, उलट कडक झाला. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचे सभासदत्वच धोक्यात आणले. पक्षांतराच्या बाजाराला आळा घालणे हा तिचा हेतू रास्त होता; पण लोभाने फुटणारा आणि विवेकाने विरोध करणारा ह्या दोघांना तिने एकाच मापाने मोजले. गाडगीळांना १९५५ साली निदान बोलण्याची व मत देण्याची कायदेशीर मोकळीक होती. पक्षाचा रोष पत्करावा लागला असता, जागा गेली नसती.

पुणे मतदारसंघानेही हा पेच पुन्हा पुन्हा अनुभवला. गोरे १९६२ साली हरले. ज्या प्रश्नाने त्यांना निवडून दिले होते तो १ मे १९६० रोजी सुटला होता. १९६७ साली एस. एम. जोशी आले, १९७१ साली मोहन धारिया. धारियांनी पुढे मंत्रिमंडळात असूनही जयप्रकाशांशी संवादाचा आग्रह धरला आणि १९७५ साली मंत्रिपद गमावले. १९७७ साली ते जनता पक्षाचे उमेदवार म्हणून त्याच मतदारसंघातून विजयी झाले. १९८० पासून तीन वेळा काकासाहेबांचे चिरंजीव विठ्ठलराव गाडगीळ ह्यांनी ती जागा राखली. पक्षाशी असलेल्या नात्याची किती रूपे असू शकतात, ह्याचा जणू हा एक नमुनासंच आहे.

गाडगीळ १९५८ ते १९६२ पंजाबचे राज्यपाल होते. वीजमंत्री म्हणून भाक्रा धरणाच्या योजनेशी त्यांचा संबंध आला होता. आता त्याच प्रांतात ते धरण उभे राहताना त्यांनी पाहिले. १९६२ साली साताऱ्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि १९६४ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद. त्याच पदावर असता १२ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या शहराने त्यांना लोकसभेतून परत बोलाविले, त्याच शहराच्या विद्यापीठाने त्यांना सन्मानाने बोलाविले, ह्यात विसंगती नाही. मतदाराने १९५७ साली जे नाकारले तो एक पक्षनिर्णय होता.

एकंदरीत पाहता, वक्ता म्हणून गाडगीळांची कीर्ती त्यांच्या कर्तृत्वाच्या मानाने अधिक झाली, आणि विधायक म्हणून कमी झाली. १९४८ चे कायदे हे त्यांच्या नावावर जमा असलेले भरीव कार्य होय. १९५५ चे भाषण हे धैर्याचे होते, पण १९५७ ची उमेदवारी त्या भाषणाशी सुसंगत नव्हती. हा दोष लपविण्याचे कारण नाही. त्याचबरोबर तो केवळ एका व्यक्तीचा दोष मानून सोडून देण्याचेही कारण नाही. पक्षनिष्ठा आणि लोकनिष्ठा ह्यांत अंतर पडल्यास प्रतिनिधीने काय करावे, ह्याचे उत्तर आपल्या संसदीय व्यवस्थेने अद्याप दिलेले नाही. ह्या दिशेने पहिल्या लोकसभेतील इतर महाराष्ट्रीय सभासदांच्या भाषणांचा आणि मतदानांचा पद्धतशीर अभ्यास झाल्यास, त्या काळातील संसदीय राजकारणावर अधिक प्रकाश पडेल.